खोब्रागडे सरांची वजाबाकी

खोब्रागडे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वर्गाच्या दारात दोन्ही हात आडवे पसरून उभे होते आणि त्यांच्या डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी होती. मी त्याच दिवशी चित्रकला आणि शिवणाची शिक्षिका म्हणून शाळेत रुजू झाले होते. हेडमास्तर मला शाळा दाखवत होते, ते आठवीच्या वर्गापाशी येऊन थबकले. आतली मुलं-मुलीही तशाच टोप्या घालून ओळीनं उभी होती. टोपीच्या एका बाजूला लाल अधिक, दुसऱ्या बाजूला निळा वजा. वर्ग म्हणजे कंस, आणि दारात उभे असलेले सर म्हणजे कंसाबाहेरचं वजाचं चिन्ह. बाहेर येणाऱ्यानं त्यांच्या हाताखालून वाकून जाताना आपली टोपी फिरवायची.

पहिला मुलगा टोपी फिरवून आला. दुसरा तसाच यायला लागला, तशी सरांनी त्याची कॉलर धरली.

“पहलेवाले ने घुमा ली, तो तुझे माफी हो गई? ये वजा अकेले उसके लिए खड़ा है, कि पूरे घर के लिए?”

मुलं खदखदा हसली. त्या मुलानं टोपी फिरवली. हेडमास्तर पुढे चालता चालता मला म्हणाले, “आदमी अच्छा है, लेकिन मराठी है ना, थोड़ा सख़्त है।” मीही वर्ध्याची मराठीच, हे बहुधा त्यांच्या ध्यानात नसावं.

भिलाईत तेव्हा सगळंच नवीन होतं. सेक्टरमधल्या रस्त्यांच्या कडेची झाडं गुडघ्याएवढी होती, क्वार्टरच्या भिंतींना चुन्याचा वास यायचा, आणि पोलादाच्या कारखान्याची एक भट्टी चालू असताना बाजूला दुसरीचं काम चाललेलं असायचं. आमची शाळा हिंदी माध्यमाची. पण मुलांच्या घरी तेलुगू, बंगाली, पंजाबी, छत्तीसगढी, मल्याळी असं काय काय बोललं जायचं. मराठी घरं बहुतेक नागपूर-भंडाऱ्याकडून आलेली. सरही भंडाऱ्याकडचेच. त्यांची हिंदी अस्सल तिकडची होती. ‘वजा’ हा शब्द त्यांच्या हिंदीतून कधीच गेला नाही. ‘ऋण’ म्हणायला गेले तरी तोंडातून वजाच यायचा.

उंच, सावळे, किंचित पुढे झुकलेले. पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद. वर्गात त्यांना खुर्चीवर बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. फळा पुसायला डस्टर असलं तरी रुमाल काढायचे आणि मग तोच रुमाल कपाळाला लावायचे, त्यामुळे दुपारपर्यंत त्यांच्या कपाळावर खडूचा पट्टा उमटलेला असायचा. मुलं कुठलाही प्रश्न घेऊन आली की त्यांचा एकच उलटा प्रश्न, “किसमें से क्या?” बहुपदींची वजाबाकी असो नाहीतर डब्यातली पोळी हरवल्याची तक्रार असो, आधी कोणातून काय गेलं ते सांग. मराठी मुलांना ते मराठीतच विचारायचे, “कोनातून काय जाते? ते नाई सांगितलं त मी कायचं उत्तर देऊ?”

आणि चिन्हाच्या बाबतीत त्यांच्याकडे दया नव्हती. बाकीचे गणिताचे मास्तर रीत बरोबर असली की अर्धे मार्क द्यायचे. सर शून्य देत. एकदा मी म्हटलं, “सर, एवढी सगळी पदं बरोबर मांडलीत पोरीनं, एक चिन्ह तर चुकलं.”

“बाई, एक चिन्ह चुकलं म्हंजे उत्तर चुकलं.”

मग त्यांनी मला त्यांच्या गावच्या शाळेची गोष्ट सांगितली. शाळेच्या व्हरांड्यात त्यांना वेगळं बसवायचे. मास्तर त्यांची पाटी हातात घेत नसत. दुरून बघायचे. म्हणून ते आकडे मोठे मोठे काढायचे, तेवढ्या अंतरावरूनही दिसावेत असे. “चुकलं असतं तं समजावून सांगाले कोनी जवळ येनार नव्हतं. म्हनून मी चुकलोच नाई. चुकन्याची सोयच नव्हती आमाले.” हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, अभिमान होता. मला तेव्हा तो पटला. आपण जसे तयार झालो तसंच पोरांनी व्हावं असं त्यांना वाटे, आणि विशेषतः आपल्या समाजाच्या पोरांनी. संध्याकाळी ते कॅम्पातल्या, म्हणजे मजुरांच्या वस्तीतल्या, झोपड्यांमधून फिरायचे आणि दारोदार सांगायचे, पोरींना शाळेत घाला.

चंद्रकला त्यांच्या अशा सांगण्यावरूनच शाळेत आलेली मुलगी. तिचे वडील दशरथभाऊ कारखान्याच्या बांधकामावर खलाशी होते. अवजड लोखंडी तुळया दोरांनी वर चढवायच्या, असं जिवावरचं काम. सरांच्याच तालुक्यातले. सरांचा शब्द त्यांच्या घरी खाली पडत नसे. चंद्रकला माझ्या शिवणाच्या तासाला यायची. बोलायची कमी, पण टाका असा घालायची की उलट्या बाजूनंही कापड सुलटं दिसावं. आठवीच्या वार्षिक परीक्षेत ती नापास झाली. बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात थोडक्यात गेली.

निकालानंतर दशरथभाऊ शाळेत आले होते. मी तिथेच व्हरांड्यात मुलींची चित्रं सुतळीला लावत होते. ते हातातलं पागोटं चुरगाळत म्हणाले, “सर, पोरीसाठी पाहुने येऊन राहिले. नंदिनीच्या खदानीवर पोरगा कामाले हाय. तिची माय म्हनते करून टाकू. मी म्हनलं, सराइले इचारतो. आखीन एक साल बसवू का तिले आठवीत?”

सर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधत होते. मान वर न करता म्हणाले, “दशरथभाऊ, सोपे प्रश्न होते. सगळे चिन्ह उलटे टाकले पोरीनं. जिचं लक्षच नाई तिले बसवून काय करता?”

दशरथभाऊ “बरं” म्हणाले आणि गेले. त्या उन्हाळ्यात चंद्रकलेचं लग्न झालं. सर लग्नाला गेले नाहीत. पोरगी शिकायची सोडून संसाराला लागली म्हणून त्यांना तिचा राग आला होता.

पुढच्या वर्षी परीक्षेच्या आधी सर शिक्षकांच्या खोलीत गणिताचा पेपर काढत बसले होते. समोर हिंदी शिकवणारे तिवारीजी होते, बिलासपूरकडचे. त्या वर्षी हेडमास्तरांनी नियम केला होता की प्रत्येक पेपरची भाषा तिवारीजींनी तपासायची. तिवारीजी चष्मा नाकावर सरकवून वाचत होते. एका ओळीपाशी ते थांबले.

“मास्टर जी, ये ‘पहले व्यंजक को दूसरे से घटाइए’। इसमें उत्तर क्या आएगा?”

सरांनी तोंडी सांगितलं. पाच एक्स वर्ग वजा तीन एक्स अधिक चार हे पहिलं व्यंजक, म्हणजे पहिली बहुपदी, दोन एक्स वर्ग अधिक एक्स वजा सहा हे दुसरं. तेव्हा उत्तर तीन एक्स वर्ग वजा चार एक्स अधिक दहा.

“मतलब आपने पहले में से दूसरा घटाया।”

“हाँ तो।”

“लेकिन आपने लिखा है पहले को दूसरे से घटाओ। यानी दूसरे में से पहला जाएगा। सारे चिह्न उलटे आएँगे।”

“नाई नाई तिवारीजी. पहले को घटाना है। कम करना है। दूसरे से कम करना है।”

“वो आपके मन में है, मास्टर जी। काग़ज़ पर तो दूसरी बात है। ‘पहले में से’ लिख दीजिए, झगड़ा ख़त्म।” तिवारीजींनी पेन्सिलीनं तेवढं दुरुस्त केलं आणि ते पुढच्या प्रश्नाकडे गेले. त्यांच्या लेखी ती गोष्ट तिथेच संपली होती.

सर कागदाकडे बघत राहिले. मी समोर मुलींच्या फ्रॉकचे नमुने कापत होते. थोड्या वेळानं ते मला म्हणाले, “बाई, गेल्या सालीही मी असंच लिवलं होतं.” मला काही कळलं नाही. ते म्हणाले, “तिन्ही उदाहरनं त्याच वाक्याखाली होते. तिन्हीत तिचे चिन्ह उलटे होते. तिन्हीत, बाई. एकही पद चुकलं नव्हतं.” त्यांनी रुमाल काढला, पण कपाळाला लावला नाही. नुसता हातात धरून बसले.

वर्गातली बरीच मुलं न वाचताच पहिल्यातून दुसरं वजा करून मोकळी झाली होती, आणि त्यांना मार्क मिळाले होते. वाक्य नीट वाचून जे सोडवलं त्याचे गेले. तसं करणारी आणखी एक-दोन मुलं होती, पण ती इतर गणितांवर तरली. चंद्रकला बुडाली.

त्याच दुपारी ते हेडमास्तरांकडे गेले. निकाल दुरुस्त करा म्हणाले. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरांना पाणी दिलं आणि म्हणाले, “लड़की ब्याही जा चुकी, खोब्रागडे जी। अब पास करके किसको दिखाएँगे? और बाक़ी लड़कों के माँ-बाप आ गए तो?” सर बाहेर आले ते थेट आठवीच्या वर्गात गेले आणि फळ्याजवळ उभे राहून त्यांनी सांगितलं, की मागच्या वर्षी मी एका मुलीचा पेपर चुकीचा तपासला, तिचं उत्तर बरोबर होतं, वाक्य माझं चुकलं होतं. तिचं नावही सांगितलं. मुलांना त्याचं काय करावं ते कळेना. एकानं टाळी वाजवली, मग तोही गप्प झाला.

संध्याकाळी ही बातमी कॅम्पात दशरथभाऊंच्या घरी सरांच्याही आधी पोचली होती. सर गेले तेव्हा दारात चार माणसं जमलेली. तिथे काय बोलणं झालं ते सरांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही फार थोडं. दशरथभाऊ रागावले असते तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले. दशरथभाऊंनी त्यांना खाटेवर बसवलं, चहा केला, आणि म्हणाले, “होते सर, मानसाच्या हातून. तुमी म्हनलं लक्ष नाई, मी आयकलं. लगन त कधी ना कधी होनारच होतं.” चंद्रकलेची आई मात्र चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती एकदाही वळली नाही.

“आता नंदिनीले जाव लागते,” सर मला म्हणाले. “बाई, लग्न झालेल्या पोरीच्या घरी एकट्यानं जानं बरं नाई दिसत. तुमी येता का?”

आम्ही रविवारी गेलो. नंदिनीला चुनखडीच्या खाणी. कारखान्याला लागणारा दगड तिथून येतो. रस्ता, झाडं, घरांची कौलं, सगळ्यावर पांढरी भुकटी. बसमध्ये सरांचे मधूनच ओठ हलायचे, तोंडपाठ करत असल्यासारखे.

चंद्रकला दारात तांदूळ निवडत होती. आम्हाला पाहून धांदलीनं उठली, पदर घेतला, आत सासूला सांगून आली. तिला दिवस गेले होते. सरांनी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. वाक्य कसं लिहिलं होतं, त्याचा अर्थ काय होत होता, उत्तरं कशी बरोबर होती. सगळं सांगून त्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

“सर, हे काय करता! हात खाली करा. सासू पाहून राहिली.”

त्यांनी हात खाली केले. चंद्रकला सुपाकडे बघत म्हणाली, “मले मालूम होतं.”

“काय मालूम होतं?”

“माहं उत्तर बराबर होतं म्हनून. तपासलेले पेपर वाटले तवाच पाह्यलं मी. वाक्य तीनदा वाचलं.”

“मंग बोलली कावून नाई?” सरांचा आवाज चढला, जणू ते अजून वर्गातच होते.

चंद्रकलेनं एकदा माझ्याकडे पाहिलं. “तुमच्यासमोर कोन बोलन, सर? आमच्या वर्गातल्या रमेशनं एकदा इचारलं होतं फळ्यावरचं, त त्याले तासभर उभं ठेवलं तुमी. आन मले वाटलं, आखीन एक साल बसन मी, पुढल्या साली पास होऊन जाइन. बाबा तुमाले इचारून येतो म्हनले, त मी खूश होती. वाटलं, सर म्हनतीलच बसव.”

सासूनं आतून चहा आणून ठेवला. सरांनी कप उचलला नाही. ते म्हणाले, की तू बाहेरून परीक्षेला बस, मी दर रविवारी येऊन शिकवतो, पुस्तकं आणतो, सासूबाईंची परवानगीही मीच मागतो.

तिनं लगेच नकार दिला. रागानं नव्हे. “आता मले घर हाय, सर. पुढच्या महिन्यात लेकरू होइन. तुमाले बरं वाटाव म्हनून मी कायले शिकू?”

परतीच्या बसमध्ये सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी काही समजुतीचं बोलायला गेले, तर ते म्हणाले, “बाई, त्या पोरीसमोर माह्या गावचा मास्तर नव्हता, मी होतो. मले घाबरत होती.” एवढंच.

त्यानंतरचे खोब्रागडे सर वेगळे होते. त्यांनी वर्गात एक नवीन पद्धत सुरू केली. गणित सोडवण्याआधी प्रश्न प्रत्येकानं आपल्या घरच्या बोलीत सांगायचा. तेलुगू मुलगा तेलुगूत, बंगाली बंगालीत, छत्तीसगढी पोर आपल्या बोलीत. सरांना त्यातलं निम्मं कळत नसे, तरी ते मान हलवत ऐकत आणि शेवटी विचारत, “अब हिंदी में बता, किसमें से क्या जा रहा है?” व्हरांड्यातून जाताना त्या वर्गातून एकाच वजाबाकीची सात रूपं ऐकू यायची. नवीन मास्तर हसायचे. तिवारीजी कधी हसले नाहीत.

पण दुसरंही एक झालं. सरांच्यानं मार्क कापवेनात. चुकीचं चिन्ह दिसलं की ते पोराला बोलावून विचारायचे, तू वाक्य कसं वाचलंस? पोर काहीही सांगे, आणि सर मार्क देत. मुलं हुशार असतात. खोब्रागडे सरांकडे ‘मैंने ऐसा समझा’ म्हटलं की काम होतं, हे महिन्याभरात सगळ्या शाळेला माहीत झालं. ज्यांना काही येत नव्हतं तीही पास व्हायला लागली. पुढे नववीत जाऊन ती आपटली. सरांना ते दिसत होतं. लाल पेन्सिल हातात घेऊन ते बसून राहायचे आणि शेवटी तसाच गठ्ठा बांधायचे.

आणखी काही वर्षं गेली. जून महिन्यात प्रवेशाच्या वेळी मी आणि सर एकाच टेबलाशी बसलो होतो. रांगेत चंद्रकला दिसली. कडेवर मूल, आणि हाताला धरलेली धाकटी बहीण, विमल. पाचवी पास झालेली. आई-वडील तिला घरी बसवणार होते; चंद्रकला नंदिनीहून आली, बापाशी भांडली आणि बहिणीला घेऊन शाळेत आली. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं. त्या वेळी फक्त एवढंच दिसलं, की ती टेबलाशी आली तशी सर खुर्चीतून उठून उभे राहिले. मागच्या रांगेतले लोक बघायला लागले. “बसा ना सर,” ती म्हणाली. तिचं काम होईपर्यंत ते बसले नाहीत.

सर कागद घेऊन आत गेले तेव्हा ती माझ्याकडे झुकली. “बाई, विमलचं गनित दुसऱ्या सराकडे देता येइन का?”

मला वाटलं, मनातून गेलं नाही अजून हिच्या. ते तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

“राग नाई मले. पन ते तिले समदे मार्क देतीन. माही बहीन म्हनून देतीन. तिले नाई येत ते नाई येत असंच कळलं पायजे तिले. नाई त पुढं कशी जाइन ते?”

मी काही उत्तर द्यायच्या आत दाराशी सर उभे असलेले मला दिसले. त्यांनी ऐकलं होतं. पुढे येऊन त्यांनी विमलच्या अर्जावर तुकडी लिहायची जागा होती तिथे स्वतःच्या हातानं ‘ब’ लिहिलं. ‘अ’ त्यांची होती. “माह्याकडे नाई येत ते,” ते चंद्रकलेकडे न बघता म्हणाले. “काळजी नको करू.”

तीन वर्षं विमल आमच्या शाळेत होती. सर तिच्या वर्गावरून जाताना चाल बदलत नसत, मानही वळवत नसत. तिच्या गणिताबद्दल त्यांनी ब तुकडीच्या मास्तरांना कधी काही विचारलं नाही. मला मात्र एकदा म्हणाले, “शिवनाच्या तासाले बोलते का ते? तुमच्याशी उलटून बोलते का?” मी म्हटलं, खूप बोलते, नको जीव करते. सर कपाळ पुसत निघून गेले.

विमलचा आठवीचा निकाल लागला त्याच आठवड्यात आमचं सामान बांधून झालं होतं. माझ्या यजमानांची बदली झाली होती. मी सगळ्यांचा निरोप घ्यायला शाळेत गेले. फलकापुढे पालकांची गर्दी होती. चंद्रकला आली होती, दोन मुलांना घेऊन. विमल पास झाली होती, फार मोठे मार्क नव्हते, पण पास. ती चंद्रकलेला फलकावरचं आपलं नाव बोट ठेवून दाखवत होती.

तेवढ्यात मला सर दिसले. शिक्षकांच्या खोलीतून बाहेर पडून ते फाटकाकडे यायला निघाले होते. अर्ध्या मैदानात त्यांना गर्दीत चंद्रकला दिसली. ते थांबले. मग वळले आणि शाळेच्या मागच्या बाजूला चालू लागले. तिथे फाटक नव्हतं, तारेचं कुंपण होतं आणि पलीकडे नवीन क्वार्टरसाठी खणलेले पाये. सरांनी धोतर सावरावं तशी पँट गुडघ्याशी धरली, वाकून तारेखालून पलीकडे गेले. शर्टाची पाठ तारेत अडकली, ती त्यांनी हात मागे नेऊन सोडवली.

मी हाक मारायला तोंड उघडलं. मला जायचं होतं, पुन्हा भेट होणार नव्हती.

“नका बोलावू, बाई,” चंद्रकला म्हणाली. तीही तिकडेच बघत होती. “जाऊ द्या त्याइले.”

खणलेल्या मातीच्या ढिगांमधून वाट काढत ते चालले होते. चंद्रकलेनं धाकट्याला कडेवर घेतलं, आणि ते दिसेनासे होईपर्यंत ती उन्हात तिथेच उभी राहिली.